गाडी गावावरून जाते

साताऱ्याहून कऱ्हाडकडे निघालं की पस्तीसेक किलोमीटरवर उंब्रज लागतं. तारळी इथं कृष्णेला मिळते, चाफळचा रस्ता इथूनच फुटतो आणि खंडोबाचं पाल इथून जवळच आहे. जुना चार नंबरचा, आता ४८ क्रमांकाचा दिल्ली-चेन्नई महामार्ग गावाच्या अगदी अंगावरून जातो. इथून पुणं साधारण १४५ किलोमीटर, कोल्हापूर ९०, बेळगाव २००. चाकणचे मोटारीचे सुटे भाग, सांगलीची हळद, तासगावची द्राक्षं, कऱ्हाड-वाळव्याची साखर, गुजरातची फरशी असा सगळा माल रात्रंदिवस याच पट्ट्यातून इकडून तिकडे जात असतो.

या पट्ट्यातल्या गावांमधून ट्रक चालवणारेही निघाले. त्यांच्यापैकी ज्यांची गाडी पुणे-बंगळूर लाइनवर आहे, त्यांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. ते आठवड्यातून दोनदा स्वतःच्या गावावरून जातात, पण घरी जातात महिन्यातून एकदा, कधी दीड महिन्यातून. घर रस्त्यावर असून रस्ता घरी नेत नाही, याचं कारण काय? मालक निष्ठुर आहेत किंवा ड्रायव्हरला पैशाची हाव आहे, ही दोन उत्तरं लगेच मिळतात. दोन्ही अपुरी आहेत. खरं उत्तर तासांच्या हिशोबात आहे.

एका फेरीचे १४४ तास

चाकण ते बंगळूर ही एक नेहमीची फेरी घेऊ आणि तिचे तास मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण या लाइनवरच्या कुठल्याही ड्रायव्हरला ते ओळखीचे वाटतील. अंतर सुमारे ८८० किलोमीटर. भरलेल्या गाडीचा घाट, टोल आणि वळणरस्ते धरून सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर. म्हणजे एका बाजूचं ड्रायव्हिंग २२ तास.

सोमवारी सकाळी दहाला गाडी कंपनीच्या गेटवर नंबर लावते. आधीच्या गाड्या भरायच्या आहेत, मग जेवणाची सुट्टी, मग कागद तयार नाहीत. रात्री आठला गाडी भरून, ताडपत्री आणि दोर आवळून बाहेर पडते. दहा तास गेले, गाडी जागची हललेली नाही. खंबाटकीचा घाट आणि साताऱ्याचा पट्टा ओलांडून रात्री एकच्या सुमारास ती उंब्रजला पोचते. सर्व्हिस रोडला दहा मिनिटं बाजूला लागते. थोरला पोरगा मोटारसायकलवर डबा घेऊन आलेला असतो. भाकरी, सुकी भाजी, मिरचीचा खर्डा, धुतलेले दोन शर्ट. मळके कपडे पिशवीत भरून तो परत जातो. बापलेकांचं बोलणं होतं ते गॅस सिलिंडर, शाळेची फी आणि आजीचा गुडघा एवढंच. तेवढ्यात मालकाचा फोन येतो, "गाडी का थांबलीय रे?" जीपीएसवर गाडी थांबलेली दिसते. ती घरापाशी थांबलीय, हे जीपीएसला कळत नाही.

पहाटे तीनला कागलच्या आसपास कुठल्यातरी पंपावर चार-पाच तास झोप. मंगळवारी दिवसभर आणि रात्री दहापर्यंत गाडी चालते. बुधवारी पहाटे पुन्हा सुरू होऊन सकाळी आठला ती बंगळूरच्या वेशीवर. दिवसा शहरात अवजड वाहनांना बंदी. रात्री आत, गोदामाच्या दारात पुन्हा नंबर, आणि गुरुवारी सकाळी दहाला गाडी खाली. म्हणजे २६ तास. आता परतीचं भाडं शोधायचं. रिकामी गाडी आणली तर डिझेलचा खर्च मालकाच्या अंगावर, म्हणून ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या दारात गुरुवार आणि निम्मा शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी सातला परतीचा माल भरून होतो, तोवर आणखी ३३ तास. मग पुन्हा २२ तासांचं ड्रायव्हिंग. शनिवारी उशिरा रात्री उंब्रज मागे पडतं आणि रविवारी सकाळी दहाला गाडी चाकणला.

बेरीज करा. सोमवार सकाळी दहा ते रविवार सकाळी दहा, एकूण १४४ तास. त्यातलं प्रत्यक्ष ड्रायव्हिंग ४४ तास. झोप, जेवण, आंघोळ मिळून ३१ तास. उरलेले ६९ तास नुसती वाट पाहण्यात गेले. ड्रायव्हरचं आयुष्य गाडी चालवण्यात जातं असा आपला समज असतो. हिशोब सांगतो, त्याहून जास्त आयुष्य थांबलेल्या गाडीत जातं.

या हिशोबातली खोच अशी की थांबण्याचे तास घरी घालवता येत नाहीत. गेटवर नंबर कधी येईल सांगता येत नाही, माल चोरीला गेला तर भरपाई कापली जाते, रांगेत गाडी पुढं सरकवायला कुणीतरी हवं. ६९ तास म्हणजे जवळजवळ तीन दिवस. तेवढेच घरी मिळाले असते, तर दर आठवड्याला तीन दिवसांची सुट्टी झाली असती.

पंधरा मिनिटांचा कायदा

आपल्याकडे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा कायदाच नाही, असं बरेच जण समजतात. तो १९६१ पासून आहे. मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत ती दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत वाढवता येत होती. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या कामामध्ये किमान नऊ तास सलग आराम, आठवड्याची सुट्टी, आणि वर्षात २४० दिवस भरले की पगारी रजा, दर वीस दिवसांमागे एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नंही हेच तास कायम ठेवले.

कागदावर हे सगळं चोख आहे. मग अडतं कुठं? पहिली अडचण मालकीची. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थांसाठी होता. आपल्याकडे बहुतेक ट्रक एक, दोन, चार गाड्यांच्या मालकांचे. सातारा-सांगलीत तर शेती सांभाळून कर्जावर एक गाडी घेतलेला मालक गावोगाव सापडेल, आणि पुष्कळदा तोच ड्रायव्हरही असतो. त्याच्या सुट्टीवर कुणाची सही घ्यायची?

दुसरी अडचण बारीक अक्षरातली आहे, आणि माझ्या मते तीच मुळावर घाव घालणारी आहे. कामाचे तास म्हणजे काय, हे सांगताना कायदा तीन गोष्टी नावानं मोजतो. गाडी चालू असतानाचं काम, त्याला जोडून येणारं पूरक काम, आणि टर्मिनलवर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळाची नुसती हजेरी. स्टँडवर दहा मिनिटं उभ्या राहणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला ही व्याख्या पुरते. गोदामाच्या दारात २६ तास बसलेल्या ट्रक ड्रायव्हरचं काय? पंधरा मिनिटांच्या पुढची हजेरी कामात धरा, असं ही व्याख्या स्पष्ट म्हणत नाही. वरच्या फेरीत ड्रायव्हिंगचे ४४ तासच मोजले, तर आपला ड्रायव्हर ५४ तासांच्या मर्यादेत आरामात बसतो. वाट पाहण्याचे ६९ तास मिळवले तर आकडा ११३ होतो.

१९६१ चा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत विलीन झाला आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचं नाव बदललं, पंधरा मिनिटांची ती ओळ मात्र संहितेतही आली.

आणखी एक बदल लोकांच्या फारसा लक्षात आला नाही. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत आणि दुसऱ्याला आडवं होण्याजोगी जागा केबिनमध्ये असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम होता. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरची अट काढली. रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, ड्रायव्हर मिळत नाहीत, हे त्यामागचं वास्तव. पूर्वी क्लीनर असायचा, मग सेकंड ड्रायव्हर, आता पुष्कळ गाड्यांवर एकटाच माणूस. एक जण झोपला आणि दुसऱ्यानं गाडी हाणली, ही सोयच उरली नाही.

हमालाला कायदा मिळाला

वाट पाहण्याचे तास गाडी भरण्या-उतरवण्याशी बांधलेले आहेत, म्हणून इथं एक शेजारची गोष्ट सांगायला हवी. उंब्रजच्या पश्चिमेला डोंगर चढून गेलं की पाटण तालुका. त्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील. मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या, बहुतांशी याच सातारी डोंगरपट्ट्यातल्या माणसांना त्यांनी संघटित केलं. त्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्याआधी हमालाला ना मालक ठरलेला, ना पगार, ना रजा. कायद्यानं मंडळं नेमली, कामगार नोंदवले, मजुरी मंडळामार्फत द्यायला लावली, आणि भविष्य निर्वाह निधी व पगारी रजा यांची सोय केली. एका कामगाराला अनेक मालक असले तरी त्याचे हक्क मोजता येतात, हे या कायद्यानं दाखवून दिलं.

माल चढवणाऱ्याच्या कामाला असा हिशोब मिळाला. तो माल चढेपर्यंत बाजूला उभ्या राहणाऱ्याला मिळाला नाही. उलट पुष्कळ ठिकाणी भरण्या-उतरवण्याची वाराई गाडीवाल्याकडूनच वसूल होते. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या वाहतूकदारांनी 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा लावून धरली, ती यातूनच. हमालीचा खर्च माल पाठवणाऱ्यानं किंवा घेणाऱ्यानं सोसावा, ही मागणी वाजवी आहे. तिच्यापुढची पायरी कुणी फारशी बोलत नाही. ज्याचा माल, त्याचीच वाट पाहण्याची जबाबदारी का नसावी?

कागदोपत्री 'हॉल्टिंग' नावाची रक्कम आहे. ठरलेल्या वेळेपेक्षा गाडी जास्त थांबली तर दिवसाला इतके रुपये. ती मिळाली तर मालकाला मिळते, आणि मागितली तर पुढचं भाडं हातचं जाईल म्हणून पुष्कळदा मागितली जात नाही. थांबवणाऱ्याला थांबवण्याची किंमत पडत नाही, तोवर रांगा आखूड होणार नाहीत. ऊस हंगामात हेच कारखान्यांच्या दारात दिसतं. तोड झालेला ऊस घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर गव्हाणीच्या रांगेत तासन् तास उभे. उसाचं वजन घटलं तर शेतकरी बोलतो. ड्रायव्हरची झोप घटली तर कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

झोप कुठं जाते

रांगेत गेलेला वेळ ड्रायव्हर भरून काढतो तो रात्रीच्या रस्त्यावर. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात एक तुलना मांडली. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हाताची आणि डोळ्यांची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. भारतात गाडी चालवताना मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठून दिवसभर गेटवर ताटकळलेला आणि रात्री अकराला घाटात गाडी घालणारा ड्रायव्हर थेंबभर न पिताही त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखा मंद झालेला असतो. नाकाबंदीत फुंकर मारली तर यंत्र शून्य दाखवेल.

पहाटे दोन ते पाच हा शरीराच्या घड्याळाचा सर्वांत ढिला काळ. काही सेकंदांची डुलकी लागते आणि लागली हे डुलकी घेणाऱ्यालाही कळत नाही. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी चार सेकंदांत ६० मीटरहून जास्त पुढं जाते. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०२० मध्ये देशातल्या दहा वाहतूक केंद्रांवर बाराशेहून जास्त ट्रक ड्रायव्हरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला सरासरी बारा तास ड्रायव्हिंग, आणि थकवा किंवा झोप येत असूनही गाडी चालवतो असं कबूल करणारे जवळपास निम्मे. आपल्या नातेवाइकाला या धंद्यात या असं सांगणार नाही, म्हणणारे शंभरात ८४. 'ड्रायव्हर मिळत नाहीत' या मालकांच्या तक्रारीचं उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

गंमत अशी की मालाच्या कागदाला एवढी घाई नाही. ई-वे बिलाची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. ८८० किलोमीटरला पाच दिवस. सरकार मालाला पाच दिवस देतं. भाडं ठरवणारा ड्रायव्हरला दीड दिवस देतो.

परदेशात घर कसं मोजतात

युरोपीय संघात दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा दहा. पंधरवड्यात एकूण ९०. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. गाडीतलं टॅकोग्राफ यंत्र ड्रायव्हिंगबरोबर इतर कामाची आणि हजेरीची वेळही नोंदवतं. आठवड्याची पूर्ण ४५ तासांची विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही. २०२० मध्ये तिथं एक नियम आला, तो आपल्या विषयाचा गाभा आहे. ड्रायव्हरला साधारण चार आठवड्यांतून एकदा घरी परतता येईल, असं काम आखण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली गेली. घरी जाण्याची विनंती ड्रायव्हरनं करायची नाही. वेळापत्रक आखतानाच ती तरतूद करायची.

अमेरिकेत सलग दहा तास विश्रांतीनंतर चौदा तासांच्या खिडकीत अकरा तास ड्रायव्हिंग करता येतं. गेटवर गेलेला वेळ त्या चौदा तासांतून साधारणपणे वजा होतो, म्हणून तिथं गेटवरच्या दिरंगाईवर कडकडून भांडणं होतात. जपाननं १ एप्रिल २०२४ पासून ड्रायव्हरच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली. माल वेळेवर पोचणार नाही अशी ओरड झाली, तसं माल पाठवणाऱ्यांनाही रांगा कमी करायला भाग पाडणारे नियम आले.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये वैमानिकांसारखे ट्रक ड्रायव्हरांचेही तास ठरावेत, असं म्हटलं होतं. २०२५ मध्ये नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी विश्रांतिगृहांची योजनाही आली. हे हवंच होतं. पण थंड केबिन रांगेतले तास कमी करत नाही.

रात्री घरी जाणारा ड्रायव्हर

एक वेगळी रीत आपल्याच देशात करून पाहिली गेली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो या कंपनीनं लांबची फेरी तुकड्यांत पाडली. एक ड्रायव्हर चार-पाच तास गाडी नेतो, ठरलेल्या थांब्यावर दुसऱ्याच्या हाती देतो आणि उलट दिशेची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी परततो. गाडी थांबत नाही, माणूस थांबतो. कंपनीला धंद्याचं गणित फार काळ जमलं नाही. २०२२ मध्ये तिचा एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सनं घेतला. तरी पद्धत चुकीची ठरली असं नाही. रेल्वेचे लोको पायलट ठरावीक जंक्शनवर बदलतातच, आणि एसटीच्या काही लांब पल्ल्याच्या गाड्यांवरही वाटेतल्या आगारात ड्रायव्हर बदलतो.

नकाशा पाहिला तर उंब्रज या कामाला नेमकं बसतं. पुण्यातून निघालेला ड्रायव्हर चार तासांत इथं, बेळगावहून निघालेला पाच तासांत इथं. दोघांनी गाड्या बदलल्या तर दोघेही रात्री आपापल्या घरी. अडचण अशी की यासाठी अनेक गाड्या, दोन्ही बाजूंना सारखा माल आणि एकाची गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याचा विश्वास लागतो. एका गाडीचा मालक हे एकट्यानं करू शकत नाही. सहकारानं कारखाने, बँका आणि दूध संघ उभे करणाऱ्या या जिल्ह्यांत चार-पाच मालकांनी मिळून हे करून पाहणं अशक्य मात्र नाही.

सध्या ड्रायव्हर घरी येतो तो गाडीच्या सोयीनं. पासिंग निघालं, इंजिनाचं काम निघालं, मंदी आली, की सुट्टी. दसऱ्याला गाडीची पूजा असते म्हणून तो येतो. पौषात पालच्या यात्रेला खंडोबा-म्हाळसाचं लग्न चुकवायचं नाही म्हणून भांडून येतो. पगार फेरीवर किंवा भत्त्यावर असल्यानं घरच्या दिवसाला कमाई शून्य. पहिला दिवस झोपेत जातो, दुसरा बँक, दवाखाना आणि पाहुण्यांत, तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन. घरचे सगळे निर्णय तोवर बायकोनं घेऊन टाकलेले असतात, आणि पोरं बापाला परवानगी विचारायचं विसरलेली असतात.

सुट्टी मागून हा प्रश्न सुटणार नाही, कारण सुट्टीचे तास रांगेत खर्च झालेले आहेत. ते परत मिळवायचे तर थांबलेला तास हा कामाचा तास मानावा लागेल, आणि त्याचे पैसे थांबवणाऱ्यानं द्यावे लागतील. पंधरा मिनिटांची ती ओळ सरकारनं बदलावी. तोवर वाचकांपैकी जे माल पाठवतात, मग ते कारखानदार असोत, व्यापारी असोत की द्राक्षबागायतदार, त्यांना एक गोष्ट आजच करता येईल. बिल्टीवर गाडी गेटवर आल्याची आणि भरून सुटल्याची वेळ लिहा, आणि ठरल्यापेक्षा जास्त थांबवलं असेल तर हॉल्टिंग न मागता द्या. त्यातला वाटा ड्रायव्हरच्या हातात पडतो की नाही, हेही विचारा.